सहपत्रे सात

मीरा, ओम, गेल्या महिन्यात आमच्या वरच्या मजल्यावरचा समीर धावत खाली आला. समीर ॲमस्टरडॅममधल्या झुइडास भागातल्या एका उंच इमारतीत कॉम्प्युटरवर काहीतरी फार महत्त्वाचं काम करतो. काय करतो ते मी त्याला दोनदा विचारलं आणि मला दोन्ही वेळा कळलं नाही, तेव्हा महत्त्वाचंच असणार. हातात सरकारी पाकीट, एका पायात चप्पल, दुसऱ्यात नाही. "काकू, सईला मिलिटरीचं लेटर आलंय!" सई ही त्याची मुलगी, नुकतीच सतरा वर्षांची झालेली, स्वतःची सायकलसुद्धा सरळ उभी न करणारी. मी चष्मा लावून पत्र वाचलं. इथे हॉलंडात सतरा पूर्ण झाली की प्रत्येक नागरिकाला असं पत्र येतं, हल्ली मुलींनासुद्धा. सक्तीच्या लष्करी सेवेसाठी तुमचं नाव नोंदवलं आहे, पण तूर्तास हजर राहायची गरज नाही. इतकं सभ्य बोलावणं मी दुसरं पाहिलेलं नाही. आमंत्रण आहे, पण येऊ नका.

समीरला मात्र दरदरून घाम फुटला होता. "काकू, सध्या युरोपात सगळीकडे परत सुरू करायचं चाललंय. आम्ही पासपोर्ट फक्त व्हिसाची कटकट नको म्हणून घेतला होता हो." मी म्हटलं, "आमच्या नानांनीही त्याचसाठी घेतला होता." "आपण आत्ताच एक मेल टाकून ठेवूया का? तिला लहानपणी दमा होता, सर्टिफिकेट आहे. तुमचं ड्राफ्टिंग एकदम मस्त असतं." मी विचारलं, "सईला विचारलंस?" तो म्हणाला, "तिला काय विचारायचं? लहान आहे ती." मी त्याला चहा दिला, दुसऱ्या पायासाठी माझी एक स्लिपर दिली आणि मेल न लिहिता वर पाठवलं. त्याला वाटलं म्हातारीला वेळ नाही. मला वेळच वेळ आहे. पण असलं एक पत्र मी पूर्वी लिहिलेलं आहे, आणि एका आयुष्याला तेवढं पुरे. त्याची हकीकत तुम्हाला सांगायची आहे. तुम्ही पुण्यात राहता आणि आजी ॲमस्टेलव्हीनला, हे लोकांना उलटं वाटतं. पण त्यामुळे तुम्हाला मराठी वाचता येतं, हा त्यातला फायदा. तुमच्या बाबाला जे वाचायला अर्धा दिवस लागतो, ते तुम्ही जेवणाआधी वाचाल.

आम्ही तेव्हा द हेगला राहायचो. दुसरा मजला, जिना असा उभा की पाहुणा वर येईपर्यंत त्याच्यात बोलायचं त्राण राहत नसे. खाली कोपऱ्यावर ट्राम वळायची. ती वळली की फडताळातली पितळी पातेली किणकिणायची आणि आई म्हणायची, "आली गं नऊची." घड्याळ होतं, पण आईचा भरवसा पातेल्यांवर. नाना, म्हणजे माझे वडील, बंदरांतला गाळ उपसणाऱ्या एका कंपनीत नकाशे काढायचे. त्यांनी डच नागरिकत्व घेतलं ते काही डच लोकांवरच्या प्रेमातून नव्हे. कंपनी त्यांना देशोदेशी पाठवायची, आणि प्रत्येक बंदरावर भारतीय पासपोर्ट दिसला की तिथला अधिकारी त्यांना बाकावर बसवून जेवायला जायचा. बाकांना कंटाळून नानांनी अर्ज केला. अर्जाबरोबर माहितीची पुस्तिका आली होती. नानांनी ती हातात पेन्सिल घेऊन, खुणा करत, परीक्षेला बसल्यासारखी वाचली. मुलग्यांच्या लष्करी सेवेबद्दलचा परिच्छेद शेवटून दुसऱ्या पानावर होता. त्या पानावर एकही खूण नाही. पुस्तिका माझ्याकडे आहे, मी तपासलं आहे.

आम्ही दोघं भावंडं. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आम्हाला शाळेत घालताना नानांनी दादाला डच शाळेत घातलं आणि मला इंग्रजी. उद्या परत जायची वेळ आली तर एक मूल तिकडचं तयार असावं, नाही आली तर एक इकडचं. इंजिनिअर माणूस, एकाच खांबावर पूल उभा करत नसत. त्यातून झालं काय, की दादाचे मित्र गल्लीभर पसरलेले आणि माझं इंग्रजी हस्ताक्षर फार सुंदर. समास आखलेला, मथळ्याखाली लाल रेघ, कागदांना आकडे. घरातला सगळा इंग्रजी पत्रव्यवहार मी वयाच्या बाराव्या वर्षापासून सांभाळत होते. मुलीला याहून मोठं सुख असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

दादा एकोणिसाचा झाला, शाळा संपली आणि तपकिरी पाकीट आलं. लष्कराच्या वैद्यकीय तपासणीला दोन दिवस हजर व्हा. आईने ते वाचून घेतलं आणि नानांकडे बघून म्हणाली, "म्हणजे पासपोर्टवर फौज फुकट मिळाली म्हणायची." पण ती घाबरली नव्हती, हे लक्षात ठेवा. आईचं माहेर साताऱ्याकडचं. तिच्या गावात घरटी एक माणूस फौजेत असायचा. वेडा मात्र घरटी एकही नव्हता. असला तरी सांगत नसत. नाना तर खूश झाले. दादाचे केस तेव्हा खांद्याच्या खाली आले होते आणि नानांना वाटलं, चला, सरकार परस्पर कापेल. त्या बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं की या देशातल्या सैनिकांची चक्क युनियन होती आणि त्या युनियनने लांब केसांचा हक्क आधीच मिळवून ठेवला होता. ज्या सैन्यात जवान सकाळी पावावर लोणी लावून त्यावर चॉकलेटचे दाणे भुरभुरवतात, त्या सैन्याकडून नाना शिस्तीची अपेक्षा करत होते.

दादाला जायचं नव्हतं. युद्धाला घाबरून नव्हे. इथल्या सैनिकांना सर्वांत मोठा धोका कंटाळ्याचा होता. त्याला होड्या बांधायच्या होत्या. आदल्या उन्हाळ्यात तो मित्राबरोबर वर उत्तरेला, फ्रीसलंडला गेला होता. तिथे एक म्हातारा कारागीर लाकडी शिडाच्या होड्या बांधायचा. दादाने दोन दिवस त्याच्याकडे फळी रंधून दिली, आणि म्हातारा, जो म्हणे आठवड्यातून चार वाक्यं बोलायचा, त्यातलं एक दादावर खर्च करून म्हणाला, "शाळा संपली की ये." तो एका वेळी एकच शिकाऊ ठेवायचा. दादाने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा त्याच्या केसांत भुसा होता. नानांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे सुतारकी," ते म्हणाले. "होड्या, नाना." "लाकडाच्याच ना?" "हो." "मग सुतारकी." विषय संपला. निदान नानांपुरता.

तपासणी करून दादा परत आला आणि मला स्वयंपाकघरात गाठलं. मी वाटाणे सोलत होते. खालच्या मजल्यावरच्या फिसरबाईंचा मुलगा हान्स आदल्या वर्षी या प्रकारातून सुटला होता आणि त्याने दादाची शिकवणी घेतली होती. तपासणीच्या कार्डावर म्हणे ओळीने रकाने असतात: हात, पाय, कान, डोळे, बुद्धी आणि सर्वांत शेवटी मन. प्रत्येक रकान्यात एक ते पाच आकडा. एक म्हणजे उत्तम, पाच म्हणजे आम्हाला नको. हात-पाय खोटे मोडता येत नाहीत, पण मन येतं. मनात पाच मिळाले की घरी जा. अर्धी गल्ली मनाच्या पाचावर घरी आली होती आणि मजेत होती.

"मग तू काय सांगितलंस? आवाज ऐकू येतात म्हणालास?" मी विचारलं.

"छे. हान्स म्हणाला, खोटं बोललास तर पकडतात. मी सगळं खरं सांगितलं." दादा एक एक वाटाणा तोंडात टाकत होता. "डॉक्टर म्हणाला, घरचं वातावरण कसं आहे? मी म्हटलं, आई दर अमावास्येला मला पाटावर बसवते आणि माझ्याभोवती मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या ओवाळते. मग ते सगळं तव्यावर जाळते. मिरच्यांचा ठसका नाही आला, तर समजायचं माझ्यावर कोणाचीतरी वाईट नजर आहे. तो म्हणाला, कोणाची? मी म्हटलं, ते नक्की सांगता येत नाही, पण बहुतेक खालच्या बाईंची."

"दादा!"

"तो म्हणाला, यावर तुझा विश्वास आहे? मी म्हटलं, दर वेळी बरं वाटतं. शैले, त्याने तीन पानं लिहिली. पेनातली शाई संपली त्याची."

आम्ही इतके हसलो की वाटाण्यांचं भांडं उलटलं. घरी त्याने फक्त एवढंच जाहीर केलं की लष्कराला त्याची गरज नाही. नानांनी एकदा त्याच्या केसांकडे बघितलं. आईने निष्कर्ष काढला की मुलगा हडकुळा म्हणून नाकारला असणार, आणि त्याच्या ताटात तूप वाढलं. शरद ऋतूत तो फ्रीसलंडला जाणार होता. मी हसले खरी, पण त्या दिवसापासून मी दिवस मोजायला लागले होते. ते पुढे येईल.

मग फिसरबाईंचा वाढदिवस आला. डच वाढदिवस तुम्ही पाहिलेला नाही. खोलीतल्या सगळ्या खुर्च्या गोल मांडतात, जणू संगीतखुर्चीच होणार आहे, पण संगीत नाही आणि कोणी उठतही नाही. आत येणाऱ्याने प्रत्येकाचं अभिनंदन करायचं. फिसरबाईंचा वाढदिवस, म्हणून त्यांच्या नवऱ्याचं अभिनंदन, बहिणीचं अभिनंदन, शेजाऱ्यांचं अभिनंदन. आईने पैठणीवर करड्या रंगाचं कार्डिगन घातलं होतं आणि ती मनापासून सगळ्यांचं अभिनंदन करून, मांडीवर केकची बशी घेऊन बसली होती. शेजारी मी, दुभाषी. नाना कुठल्यातरी बंदरावर गेले होते आणि दादाला वाढदिवसांचा कंटाळा.

फिसरबाई कॉफी घेऊन आमच्यापाशी आल्या आणि खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आणि तुमचं वेगळं अभिनंदन! तुमच्या मुलालाही पाच! आमच्या हान्ससारखेच पाच!"

आईला डच फारसं येत नसे, पण 'अभिनंदन' आणि दहापर्यंतचे आकडे येत. ती माझ्याकडे वळली. "पाच कशात गं?"

"काही नाही गं आई. असंच."

"शैलू. पाच कशात?" आमच्या घरी आकडा आला की 'कशात' आणि 'कितीपैकी' हे दोन प्रश्न सुटत नसत. "कितीपैकी पाच?"

"पाचपैकी," मी म्हटलं. खोटं काहीच नव्हतं.

आईचा चेहरा उजळला. "पाचपैकी पाच? मग मेल्याने सांगितलं का नाही घरी?" ती फिसरबाईंकडे बघून हसली, मान डोलावली. आपलं कौतुक पोचलं असं वाटून फिसरबाईही हसल्या, आणि मग त्यांनी आपलं एक बोट कपाळाच्या बाजूला टेकवून दोनदा गोल फिरवलं. त्या खुणेला दुभाषी लागत नाही. ती साताऱ्यालाही तशीच करतात.

आईने केक पूर्ण संपवला, कारण अन्न टाकायचं नसतं. उठून पुन्हा सगळ्यांचं अभिनंदन केलं. जिन्याच्या सहाव्या पायरीवर ती थांबली आणि मागे न वळता म्हणाली, "आता खरं सांग." मी सांगितलं. सगळं सांगितलं, मीठ-मोहऱ्यांसकट. कोणी विचारलं नव्हतं तेवढंही सांगितलं.

"माझ्या मीठ-मोहऱ्या त्या डॉक्टराला सांगितल्या?"

"हो."

"आणि त्यावरून हा वेडा?"

"हो."

"मग मला नाही का नेलं तपासायला? ओवाळते तर मी."

मला हसू आलं, आणि आई हसत नाही हे बघून गेलं. तिचं म्हणणं सरळ होतं. फौजेला न जाणं एकवेळ ठीक. पण सरकारी शिक्क्यासह मुलगा मनाने अधू आहे असा कागद कुठेतरी पडून राहणार. उद्या त्याच्यासाठी स्थळं बघायची. परवा माझ्यासाठी. लोक विचारतातच, घरात कोणाला काही आहे का. मी म्हटलं, "आई, तो कागद हॉलंडच्या सरकारकडे आहे. साताऱ्याला कोण जाऊन सांगणार आहे?" ती म्हणाली, "साताऱ्याला सगळं कळतं." यावर आजवर कोणाला उत्तर सापडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादा सायकल घेऊन बाहेर पडला तशी तिने मला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. "लिही. ह्यांना सांगायचं नाही, हे व्याकरण काढत बसतील. दादाला तर नाहीच." गॅसवर गोडा मसाला घातलेली ब्रसेल्स स्प्राउट्सची भाजी शिजत होती. तो वास आला की मला आजही सरकारी पत्राची भाषा सुचते. आई मराठीत सांगत होती, मी इंग्रजीत लिहीत होते. माझा मुलगा वेडा नाही. तो तिसरीत दोन वर्गांमध्ये मिळून पहिला आला होता. त्याने आजवर मोठ्यांना उलट उत्तर दिलेलं नाही. हे वाक्य मी थोडं सौम्य केलं. मीठ-मोहऱ्या ओवाळणं हे वेडाचं लक्षण नसून काळजीचं लक्षण आहे. आपल्या मातोश्रींनी आपल्याला कधी ओवाळलं नसेल तर त्यांचाही त्यात दोष नाही. तरी या मुलाची पुन्हा तपासणी करावी आणि कागद दुरुस्त करावा. खाली आईची सही. आणि त्याखाली, लाल रेघेवर: सहपत्रे सात. पत्राबरोबर जोडलेल्या प्रत्येक कागदावर मी वरच्या कोपऱ्यात गोलात आकडा घातला. साताऱ्याच्या शाळेचा वर्तणुकीचा दाखला. तिसरीचं प्रगतिपुस्तक. डच शाळेचा निकाल. देवीची लस टोचल्याचा कागद. पोहण्याचं प्रमाणपत्र, कारण या देशात पोहता न येणारा माणूसच खरा अधू. वक्तृत्व स्पर्धेतलं उत्तेजनार्थ बक्षीस. आणि जन्मपत्रिका. "बुध उच्चीचा आहे, त्याखाली रेघ मार," आई म्हणाली. मी मारली. नेदरलँडच्या लष्कराकडे आजवर गेलेली ती बहुधा एकमेव जन्मपत्रिका असेल.

पत्र टाकायला मीच गेले. वाटेत कालवा होता आणि त्यावर पूल. आता इथे मला सावकाश लिहायचं आहे. पुलावर मी थांबले होते. ते पाकीट पाण्यात टाकलं असतं तर आईला सहा महिने कळलं नसतं, आणि सहा महिन्यांत दादा फ्रीसलंडला पोचून म्हाताऱ्याचा झाला असता. मी पंधरा वर्षांची होते, मूर्ख नव्हते. पत्र गेलं तर काय होणार, हे मला आईपेक्षा चांगलं कळत होतं. नंतर कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी आज्ञाधारक मुलगी, आईने सांगितलं, मी केलं. दिसायला फार छान दिसतं ते. खरं असं की लष्करातली मुलं दर शुक्रवारी घरी येत. फिसरबाईंचा पुतण्या यायचा, मळक्या कपड्यांची पिशवी घेऊन. होड्या बांधणाऱ्याचा शिकाऊ शुक्रवारी घरी येत नाही. तो वर्षाने येतो, आणि आला तरी त्याचं मन तिकडेच असतं. दादा गेला तर त्या दोन खोल्यांत नाना, आई, पातेली आणि मी. मला ते नको होतं. म्हणून मी पोस्टात गेले आणि पत्र रजिस्टर करून पावती घेतली. पावतीही माझ्याकडे आहे.

पाच आठवड्यांनी दादाला पुन्हा बोलावणं आलं. या खेपेला वेगळा डॉक्टर होता. दादा सांगत आला की त्याने एकच प्रश्न विचारला, "तव्यावर काय काय जाळतात, जरा क्रमाने सांग," आणि उत्तर ऐकून, पोट धरून हसून, मनाच्या रकान्यात एक लिहिला. "त्यांनी परत का बोलावलं असेल?" दादा म्हणाला. आई पोळी लाटत होती. मी ताटं मांडत होते. "त्यांची काहीतरी चूक झाली असेल," तो स्वतःच म्हणाला. सेवा सोळा महिन्यांची. त्याने त्या रात्री म्हाताऱ्याला पत्र लिहिलं, सोळा महिने थांबाल का, म्हणून. आठवड्याभरात पोस्टकार्ड आलं. पुढे होडीचं चित्र, मागे दोन ओळी: थांबता येणार नाही, वसंतात दोन होड्या द्यायच्या आहेत, दुसरा मुलगा घेतला. बंदुकीला तेल देत जा. दादाने ते वाचून टेबलावर ठेवलं आणि सायकल घेऊन गेला. जेवायला आला नाही. आईने त्याचं ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "चला, एक कागद तरी स्वच्छ झाला." तिला खरोखर सुटल्यासारखं वाटत होतं. मी पोस्टकार्ड उचलून माझ्या फायलीत लावलं.

बाकी मग सगळं माझ्या मनासारखं झालं. दर शुक्रवारी पाचची ट्राम पातेली वाजवून जायची आणि मागोमाग जिन्यावर बूट वाजायचे. दादा पिशवी दारात टाकायचा, आई तिच्यातले खाकी शर्ट काढून नाकाला पदर लावायची. वरण-भात, लिंबू, बटाट्याच्या काचऱ्या. सुरिनामहून आलेल्या हिंदुस्थानींच्या दुकानातून तूरडाळ आणायची ती खास शुक्रवारसाठी. दादा हकिकती सांगायचा. केस न कापण्याचा हक्क बजावणारे शिपाई बंदूक साफ करताना जाळी बांधायचे, आमच्या शाळेतल्या आचारीणबाईंसारखी. साहेबाला सलाम ठोकायचा की नुसतं 'हाय' म्हणायचं यावर त्यांची सभा व्हायची. नाना मान खाली घालून जेवायचे. शिस्त लागायची ती त्यांनाच लागली. सैन्याबद्दल एक अक्षर बोलत नसत. दादाला पुढे लष्करी तळाच्या कचेरीत बसवलं, कारण त्याला टायपिंग येत होतं. मग तिथून मोठ्या कचेरीत, जिथे सगळ्या पोरांच्या फायली असतात, तिथे.

तो शुक्रवार मार्चमधला असावा. आई वाढत होती. दादाने भातावर लिंबू पिळलं, बिया बाजूला काढल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "शैले, तुझं फायलिंग फार चांगलं आहे हं. सगळी कचेरी कौतुक करत होती."

मी भात कालवत राहिले.

"फक्त पाच आणि सातची अदलाबदल झाली होती. पत्रिकेवर पाच आणि पोहण्याच्या प्रमाणपत्रावर सात. मी नीट लावून ठेवलं."

"कसले रे पाच-सात?" आईने विचारलं. पाच म्हटलं की तिचे कान टवकारायचे.

"शाळेचे कागद गं. वरण वाढ."

आईने वरण वाढलं. तो जेवला, दोनदा भात घेतला. त्याला ती सगळी फाईल उचलून कालव्यात टाकता आली असती. माझ्यासमोर पत्र नाचवता आलं असतं, नानांना दाखवता आलं असतं. त्याने आकडे बरोबर लावले आणि फाईल कपाटात परत ठेवली. जेवण झाल्यावर मी कोणी न सांगता त्याचे सहा शर्ट इस्त्री केले. तो दाराशी टेकून बघत होता. "कॉलरची घडी चुकली," म्हणाला. मी ती पुन्हा घातली.

एवढंच. त्यानंतर या विषयावर आम्ही एक शब्द बोललेलो नाही. सेवा संपल्यावर त्याला त्याच टायपिंगच्या जोरावर नगरपालिकेत नोकरी लागली आणि तो लोकांचे पत्ते आणि जन्मतारखा नोंदवत निवृत्त झाला. त्याच्यासाठी स्थळ शोधावं लागलं नाही. त्याने स्वतःच एक डच मुलगी आणली, जिचा स्वतःचा भाऊ मनाच्या पाचावर सुटलेला होता आणि हे तिने पहिल्याच जेवणात हसत सांगितलं. आईने नुसतं माझ्याकडे बघितलं. साताऱ्याहून कोणीही, कधीही, काहीही विचारलं नाही.

दादा आता लायडनला एकटाच असतो. वहिनी गेल्यापासून दर शुक्रवारी पुन्हा माझ्याकडे येतो. तुम्ही व्हिडिओवर पाहता ते पांढऱ्या शेंडीचे आजोबा तेच. केस कापण्याच्या बाबतीत नाना अखेरपर्यंत हरले. मागच्या शुक्रवारी मी त्याला हे प्रकरण वाचायला दिलं. मुलांना पाठवण्याआधी तपासून दे, तपशील चुकायला नकोत, म्हटलं. तो खिडकीपाशी बसून, हातात पेन्सिल घेऊन, अगदी नानांसारखा वाचत होता. मी स्वयंपाकघरात उगाच डबे पुसत होते. जेवून तो गेला, तेव्हा कागद टेबलावर होते. समासात एकच दुरुस्ती होती, पोस्टकार्डाच्या मजकुराशेजारी. "हे चुकलं आहे. म्हातारा थांबला असता. मीच विचारलं नाही."

पोस्टकार्ड माझ्याकडे आहे. फाईल तिसरी, कागद अकरावा. थांबता येणार नाही, दुसरा मुलगा घेतला, असं त्यावर स्वच्छ लिहिलेलं आहे आणि शिक्का अजून वाचता येतो. तुमची आजी चुका सुधारल्याशिवाय कागद हातावेगळा करत नाही, हे तुम्हाला तुमच्या बाबाने सांगितलंच असेल. दादाची ही एक मात्र मी तशीच ठेवते आहे.